शब्दचर्चा : गेममधल्या 'लोर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ता

'स्कायरिम' या व्हिडिओ गेमवर मराठीत लांबलचक लेख लिहायला घेतलाय आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकलोय. गेममधली गोष्ट आपण खेळतो तेवढीच असते, पण तिच्या आधी आणि आजूबाजूला त्या जगाचा मोठा कल्पित इतिहास पसरलेला असतो. राजवंश, लढाया, देव, पंथ, कालगणना, सगळं. इंग्रजीत त्याला 'लोर' म्हणतात. मला मराठी शब्द हवाय. 'लोर' लिहिलं तर माझ्या भाच्याखेरीज कुणाला कळणार नाही, आणि 'लोअर' लिहिलं तर लोक पायजम्याचं माप विचारतील.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : 'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डा या अमेरिकी कंपनीची गेमची मालिका. 'अरीना' 1994 मध्ये आला, मग 'डॅगरफॉल' 1996, 'मॉरोविंड' 2002, 'ऑब्लिव्हियन' 2006 आणि 'स्कायरिम' 2011. सगळे टॅम्रिएल नावाच्या एकाच खंडात घडतात. तिथलं पहिलं युग 2920 वर्षांचं, दुसरं 896 वर्षांचं, तिसरं 433 वर्षांचं. 'स्कायरिम' सुरू होतो तो चौथ्या युगाच्या 201व्या वर्षी. घराघरांत फळ्यांवर पुस्तकं असतात आणि ती खरोखर उघडून वाचता येतात. मी ड्रॅगन मारायचे सोडून पुस्तकं वाचत बसतो, म्हणून घरात माझी चेष्टा होते.

'इतिहास' म्हणावं तर वाचक खरा समजेल. 'पार्श्वभूमी' सपक वाटतं, ती तर दोन पानी कथेलाही असते. 'दंतकथा' म्हटलं की ते खोटंच, असं आधीच ठरून जातं. काय लिहू?

कोशवेडा

मुळापासून बघू. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'शिकवण, विद्या'. 'लर्न' त्याच घरातला. 1846 साली विल्यम थॉम्स यांनी 'अथेनियम' या साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्रात 'फोकलोर' हा जोडशब्द सुचवला. आपण त्याचं लोकसाहित्य केलं, काहींनी लोकविद्या. म्हणजे खरंखोटं हा या शब्दाचा मुद्दाच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हाती आलेलं ते 'लोर'.

'आख्यायिका' कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच एक गंमत सांगतो. अमरकोशात आख्यायिका म्हणजे जिचा विषय प्रत्यक्ष घडलेला आहे ती, आणि कथा म्हणजे रचलेली. त्या हिशेबाने बाणाचं 'हर्षचरित' आख्यायिका आणि 'कादंबरी' कथा. मराठीत येईपर्यंत हे पार उलटं झालं. आज आपण 'अशी आख्यायिका आहे' म्हणतो तेव्हा 'मला विचारू नका, मी बघितलेलं नाही' एवढंच सांगत असतो.

माझं मत 'ऐतिह्य' या शब्दाला. इतिहासाचाच सख्खा भाऊ. न्यायशास्त्रात ऐतिह्य म्हणजे कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, पण 'असं म्हणतात' म्हणून चालत आलेलं वचन. त्याचं ठरलेलं उदाहरणही झकास आहे : या वडावर यक्ष राहतो. गेममधल्या कुठल्याही गावात शिरलात की पहिला माणूस हेच सांगतो ना?

मोडी शिकणारी

ऐतिह्य शब्द छान आहे, पण लेखात वापरलात तर निम्मे वाचक 'इतिहास'चा टंकदोष समजतील.

मी 'मॉरोविंड' खेळले आहे आणि माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच शब्द आहे, बखर. कारण त्या खेळातली पुस्तकं 'काय झालं' ते सांगतच नाहीत. कुणी काय झालं म्हणून सांगितलं, ते सांगतात. रेड माउंटनची लढाई घ्या. पहिल्या युगाच्या 700व्या वर्षी काइमर आणि ड्वेमर हे दोन समाज तिथे भिडले. ड्वेमरांचा मुख्य कारागीर कॅग्रेनॅक याने डोंगराखालच्या देवाच्या काळजावर आपली हत्यारं चालवली आणि ड्वेमर म्हणून जेवढे होते ते सगळे एका क्षणात नाहीसे झाले. काइमरांचा सेनापती नेरेवार त्याच सुमारास मेला. कसा? देवळाचे पुजारी म्हणतात, लढाईतल्या जखमांनी. राखेच्या माळावर फिरणाऱ्या ॲशलँडर टोळ्या म्हणतात, त्याच्याच तीन सल्लागारांनी घात केला आणि ती हत्यारं वापरून स्वतः देव झाले. ही दुसरी हकीकत नेरेवारच्या ढालकऱ्याच्या तोंडची म्हणून टोळ्यांनी जपली. आता पुजारी कुणाचे? त्याच तिघा देवांचे! देवळाने तर ग्रंथांचेही दोन ढीग केलेत. एक चारचौघांत वाचायचे, दुसरे कुलुपात ठेवायचे. आणि गेम संपला तरी निवाडा लागत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडचे वतनाचे तंटे आठवले. दोन भाऊबंद गोतसभेपुढे (गावच्या निवाड्याच्या सभेपुढे) आपापला करीणा, म्हणजे लेखी कैफियत, मांडतात, दोघांचा मूळपुरुष एकच, पण हकीकती अशा की दोन वेगळी घराणी वाटावीत. बखरकारही कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाच्या तरी पदरी राहून लिहितो. सभासदाने शिवाजी महाराजांचं चरित्र जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिलं, हे विसरून ती बखर वाचता येत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींवर एवढी झोड उठवली ती उगाच नाही, तरी त्या टाकून कुणाला दिल्या आहेत?

आणखी एक. 'मॉरोविंड'मध्ये मेलेला नेरेवार पुन्हा जन्म घेणार असं भाकीत असतं आणि आपल्याआधी 'तो मीच' म्हणणारे बरेच होऊन गेलेले असतात. देऊळ त्यांच्या मागे लागतं. इंग्रजीत त्यांना काहीतरी लांबलचक नाव आहे. मराठीत एका शब्दात होतं, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ परत आले म्हणून जो उभा राहिला, 1776 मध्ये ज्याला देहदंड झाला, त्याच्यामुळे हा शब्द आपल्या कायमचा लक्षात राहिला. खेळताना हा शब्द आठवला आणि अंगावर काटा आला. (एक फरक मात्र आहे. गेममधल्या तोतयांत आपणही धरले जातो की काय, ही शंका शेवटपर्यंत राहते.)

प्रश्नकर्ता

तोतया! घेतला. लेखात आत्ताच घातलासुद्धा.

पण ताई, बखर राजेरजवाडे आणि लढायांना शोभते. सृष्टी कशी झाली, अकाटोश हा काळाचा देव ड्रॅगनरूपी का, अल्डुईन हा ड्रॅगन जग कसा गिळणार, हे बखरीत कसं बसवायचं? बखरकार पांडवांपासून सुरुवात करतात हे मान्य, पण ते दोन ओळींत उरकून पुढे जातात.

कीर्तनकाराचा नातू

मग तुम्हाला पुराणच हवं, एवढा फेरा कशाला? पुराणाची पाच लक्षणं आजोबा तोंडपाठ म्हणायचे : सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर, वंशानुचरित. सृष्टीची उत्पत्ती, प्रलयानंतरची पुन्हा उत्पत्ती, देव-ऋषींच्या वंशावळी, एकामागून एक येणारे कालखंड आणि राजवंशांच्या कथा. तुमच्या टॅम्रिएलची विषयसूची दुसरी काय आहे?

त्याहून मोठी सोय सांगतो. दोन पुराणांत एकच गोष्ट वेगवेगळी आली आणि श्रोत्यांतून कुणी विचारलं, 'बुवा, मागच्या वर्षी तर तुम्ही असं सांगितलं होतंत', तर बुवांकडे एक हुकमी उत्तर असायचं. कल्पभेद! कल्प म्हणजे सृष्टीचं एक आवर्तन; ती गोष्ट त्या कल्पातली, ही या कल्पातली, दोन्ही खऱ्या. श्रोते खूश, बुवा मोकळे.

माझ्या मुलाने मला 'डॅगरफॉल'ची भानगड सांगितली तेव्हा मी हसत सुटलो. त्या गेमला निरनिराळे शेवट होते, आपण एक जादूची वस्तू ज्याच्या हाती देऊ त्याप्रमाणे. पुढचा गेम काढताना प्रश्न आला, यातला खरा कुठला? कंपनीने सांगितलं, सगळेच. दोन दिवस काळच मोडला आणि सगळे शेवट एकदम घडले. 44 चिमुकली राज्यं होती तिथे सकाळी उठून बघतात तर चार. पुढच्या गेमांत यावर पुस्तकंही आहेत. अमेरिकेत बसून या मंडळींनी कल्पभेदच काढला.

कोशवेडा

थोडं थांबा. कल्पभेदात गोष्टी एकामागून एक येणाऱ्या वेगवेगळ्या कल्पांत घडतात. इथे तर एकाच वेळी, एकाच ठिकाणी सगळं घडलं. त्याला फार तर 'कालभंग' म्हणा. कल्पभेद हे समजावून सांगण्याचं साधन झालं, घटना नव्हे. आणि गंमत म्हणजे 'कल्प' हा शब्द त्यांच्याकडेही जसाच्या तसा आहे. 'मॉरोविंड'मधली 'विवेकचे 36 पाठ' ही पुस्तकं लिहिणारे मायकेल कर्कब्राइड यांच्या लेखनात अल्डुईन जग गिळतो, कल्प संपतो, नवा सुरू होतो. (हा विवेक म्हणजे त्या तीन सल्लागारांतलाच एक. उच्चार मात्र आपल्या विवेकापेक्षा वेगळा.)

अनुवादक

पुराणाला माझी हरकत आहे, आणि ती अर्थाची नाही, बोलीची आहे. 'काय पुराण लावलंय', 'पुराणातली वांगी पुराणात', 'झालं का तुमचं पुराण सुरू?' मराठी कानाला पुराण म्हणजे कंटाळा. 'या गेमचं पुराण मोठं आहे' असं लिहिलंत तर वाचक ते कौतुक समजणार नाही.

रोजच्या कामाचं बोलू. अशा लेखात 'लोर'च्या मागोमाग आणखी दोन शब्द येतात आणि तिथे मराठी जास्त हुशार आहे. पहिला, कंपनीने मान्य केलेलं ते अधिकृत आणि बाकीचं नाही, हा भेद. आपल्याकडे मागाहून घुसडलेल्या मजकुरासाठी 'क्षेपक' आहे, 'प्रक्षिप्त' आहे. गाथेतले प्रक्षिप्त अभंग, महाभारतातली प्रक्षिप्त पर्वं, हे वाद शंभर वर्षं चालू आहेत. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि यापुढे कुणी आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवल्यासारखी होईल, असं बजावून ठेवलं. कर्कब्राइड यांनी कंपनी सोडल्यावर लिहिलेल्या मजकुराला नरोटी म्हणायचं की अमृत, यावर तिकडचे चाहते अजून भांडतात.

दुसरा शब्द, आधी एक सांगून मागाहून ते बदलणं. 1998 मध्ये 'रेडगार्ड' या गेमबरोबर आलेल्या पुस्तिकेत सिरोडील हा टॅम्रिएलचा मधला प्रांत म्हणजे दाट, दमट जंगल होतं. 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन' उघडला तर तिथे हिरवी कुरणं आणि युरोपी वनराई. मग उत्तर आलं, टॅलोस नावाचा राज्यकर्ता देव झाला आणि त्याने आपल्या सैनिकांसाठी हवामानच पालटलं. याला नवा पारिभाषिक शब्द घडवू नका. मराठीत याला सारवासारव म्हणतात.

मोडी शिकणारी

सारवासारव! आणि टॅलोस सापडलाच आहे तर तोही बघा. टायबर सेप्टिम हा राज्यकर्ता, त्याच्या राज्यापासून तिसरं युग मोजायचं, मेल्यावर तो देव टॅलोस. चौथ्या युगाच्या 175व्या वर्षी तहात त्याची पूजाच बंद केली आणि त्यावरून 'स्कायरिम'मधलं यादवी युद्ध पेटलं. यातला जिवंतपणीचा भाग बखर, नंतरचा भाग माहात्म्य, आणि सालं तेवढी हवी असतील तर शकावली. एकाच माणसासाठी तीन शब्द लागतात. एकच शब्द हवा हा हट्ट कशाला? इंग्रजीकडे एक आहे म्हणून?

प्रश्नकर्ता

हट्ट सोडला. पण शीर्षकात काहीतरी एक लागतंच, तिथे तीन शब्द मावत नाहीत. तिथे 'बखर' ठेवतो : 'टॅम्रिएलची बखर'. कंटाळाही नाही आणि खरंच घडल्याचा दावाही नाही. आत सृष्टीच्या भागाला पुराण, देवळाच्या बाजूला माहात्म्य, टोळ्यांच्या बाजूला ऐतिह्य. ते पहिल्यांदा येईल तिथे वडावरच्या यक्षाचं उदाहरण देतो, म्हणजे टंकदोष वाटणार नाही. 'कालभंग' कोशवेड्यांचा.

आणखी एक शब्द राहिलाच. आमचा भाचा रोज रात्री हेडफोन लावून या सगळ्यावर तासतासभर बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्येच शंका विचारतात. त्याला इंग्रजीत कसला तरी 'मास्टर' म्हणतात म्हणे.

कीर्तनकाराचा नातू

पुराणिकबुवा. दक्षिणा मिळते का विचारा त्याला.