विणकरसुद्धा त्याच यादीत

ताई, "मला गाता येत नाही, चार लोकांत प्रार्थना करायची म्हटली तर घसा कोरडा पडतो, मग देवाने मला कुठलं दान दिलं?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 35वा अध्याय उघडला. कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, म्हटलं की आपण बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायाकडे जातो. त्यातही संदेश आणि शिकवणं तेवढं लक्षात ठेवतो. सेवा आणि दयासुद्धा तिथेच लिहिलीय, पण ती कोण मोजतो!

निर्गमात मात्र देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते प्रवचनासाठी नाही, निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी. सोनं, चांदी, पितळ, लाकूडकाम, रत्नं जडवणं. 35व्या वचनात भरतकाम करणारा आणि विणकरही येतो. सूत कातणाऱ्या बायका तर त्याच्याही आधी. माझ्या वडिलांची उमर इथे सोलापुरात चादरीच्या मागावर गेली. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हंजे आपलं बी नाव हाय की यात!" त्यानंतर दोन दिवस येईल त्याला तेच सांगत होते.

आणि "माझ्याकडे एकच तालांत" असं म्हणू नका. येशूच्या दाखल्यात धनी चाकरांना तालांत वाटतो, आणि एकच मिळालेला चाकर तो पुरून ठेवतो. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार, आणि दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. वीसेक वर्षांची कमाई झाली ती! पुरून ठेवणाऱ्यालाही धन्याने काही कमी दिलं नव्हतं.

तुम्ही शिवणकाम करता असं मागे लिहिलं होतंत. मंडळीतल्या दोन-तीन मुलींना शिकवाल का?