जुनं स्टेनलेस ५९०६ घ्यावं का? बजेट ५०० डॉलर

डॅलसकर_दिनू: नमस्कार मंडळी. टेक्सासात राहतो, नेमबाजीच्या रेंजवर नेहमी जातो. घरी प्लास्टिक फ्रेमचं नवं पिस्तूल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आता मात्र एक जुनं, फ्रेम (खालचा सांगाडा) आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) दोन्ही स्टेनलेसची असलेलं सर्व्हिस पिस्तूल हवंय. मनात स्मिथ अँड वेसनचं ९ मिमीचं ५९०६ आहे. पोलीस खात्यांनी नवी घेताना जमा केलेली अजून विकायला येतात. बजेट ५००, करासकट. घेताना काय तपासू?

ह्यूस्टनचे_राजाभाऊ: सिग २२६ स्टेनलेस घे. हजाराच्या वर जाईल, पण एकदाच घ्यायचं तर हलकं कशाला? माझ्याकडे आहे. हातात घेतलं की वजनानेच निम्मा झटका जिरतो.

डॅलसकर_दिनू: राजाभाऊ, ५०० म्हटलंय.

ह्यूस्टनचे_राजाभाऊ: सहा महिने थांब, पैसे साठव.

अप्पा_ओहायो: माझ्याकडे ६५९ आहे, म्हणजे ५९०६ च्या आधीची पिढी. ट्रिगर गार्ड पुढून चौकोनी. इलिनॉय राज्य पोलिसांनी १९६७ मध्ये याच घराण्यातलं मॉडेल ३९ घेतलं, तेव्हा बहुतेक पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच होतं. नंतर १९७१ मध्ये जास्त गोळ्यांचं ५९ आलं, मग स्टेनलेसचं ६५९, आणि १९८९ च्या सुमारास ५९०६. हा इतिहास हातात धरायचा असेल तर ६५९ च घ्यावं. माझं मी कोणाला देणार नाही.

वझे_सॅन_अँटोनिओ: दिनू, मुद्द्याचं सांगतो. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, दुकानदाराला विचारून:
मॅगझिन काढून चाप ओढ. घोडा पडता कामा नये. या पिढीत मॅगझिनशिवाय गोळी सुटत नाही, अशीच रचना आहे. पुष्कळ लोक पिस्तूल बिघडलं समजून परत करतात. मग रिकामं मॅगझिन घालून घोडा चढव आणि स्लाइडवरची सेफ्टी खाली दाब. घोडा सुरक्षित खाली यायला हवा.
फ्रेमच्या रुळांवर आणि स्लाइड स्टॉपच्या भोकाजवळ बारीक चिरा बघ, भिंग घेऊन जा. बॅरलच्या आत उजेड टाक. होल्स्टरचे ओरखडे सोडून दे. खात्यातली पिस्तुलं वर्षानुवर्षं कमरेला असतात, पण सरावापुरतीच चालतात. बाहेरून खरवडलेलं आणि आतून जवळजवळ नवं, असं बरेचदा सापडतं.
घेतल्यावर रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा बदल. कारखान्यात ही पिस्तुलं आता बनत नाहीत, तेव्हा सुटे भाग दिसतील तेव्हा घेऊन ठेव.

कोकण_ते_टँपा: वझेंशी सहमत. पण स्टेनलेसला गंज चढत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फ्लोरिडातल्या दमट हवेत माझं चामडी होल्स्टरमध्ये राहिलं आणि स्लाइडवर तांबडे ठिपके आले. कपाटात ठेवताना होल्स्टरबाहेर, तेलाचं फडकं फिरवून.

ह्यूस्टनचे_राजाभाऊ: ठिपके घासायच्या हिरव्या चोथ्याने जातात.

अप्पा_ओहायो: कृपया असं सांगू नका! मूळ मॅट फिनिश जातं आणि चकाकते पट्टे उरतात. परत आणता येत नाही.

मिलिंद_फिनिक्स: स्टेनलेसवर स्टेनलेस घासून जाम होतं. सुरुवातीच्या काही स्टेनलेस पिस्तुलांचं हेच व्हायचं, स्लाइड आणि फ्रेमचा पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडायचा. बेरेटा ९२ आयनॉक्स घ्या, त्याची फ्रेम अॅल्युमिनियमची आहे.

वझे_सॅन_अँटोनिओ: ती ७० च्या दशकातली गोष्ट. पुढे दोन भागांच्या पोलादाचा कडकपणा वेगळा ठेवायला लागले आणि तो प्रश्न मिटला. रुळांवर पातळ तेलाऐवजी थोडं ग्रीस लाव, बास. आणि दिनूला फ्रेमसुद्धा स्टेनलेस हवीय, धागा नीट वाचा.

एडिसनची_वहिनी: तुमचं टेक्सासात बरंय. इथे न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाला आधी पोलिसांचा खरेदी परवाना, आणि मॅगझिन १० गोळ्यांचं. ५९०६ चं मूळ मॅगझिन १५ चं, ते आम्हाला ठेवताच येत नाही.

टोरांटोकर: इथे ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची विक्रीच गोठवली आहे. आमच्या आरसीएमपीकडे (कॅनडाचं संघीय पोलीस दल) याच घराण्यातलं ५९४६ होतं, फक्त डबल अॅक्शनचं, म्हणजे दर वेळी चाप ओढूनच घोडा चढतो असं. फार वाटतं एक असावं.

नवा_निखिल: मी एच१बी वर आहे, मला घेता येईल का?

मिलिंद_फिनिक्स: येतं की, एका मित्राने घेतलं.

वझे_सॅन_अँटोनिओ: मिलिंद, नीट माहिती द्या, हा गुन्हा ठरू शकतो. एच१बी सारख्या व्हिसावर संघीय कायद्याने बंदी आहे. वैध शिकारीचा परवाना असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. निखिल, दुकानात खरेदी करताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर हे विचारतात आणि तिथे खोटं लिहिणं वेगळा गुन्हा. आधी वकिलाला विचार.

सदाशिव_पुणे: आमच्याकडे ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळतच नाही, .३२ वर समाधान मानावं लागतं. फोटो टाका राव!

ह्यूस्टनचे_राजाभाऊ: ९ मिमीच घे दिनू, गोळ्या स्वस्त. आणि २२६ चा विचार कर.

कोकण_ते_टँपा: ९ मिमीला माझंही मत.

डॅलसकर_दिनू: सगळ्यांचे आभार. काल घेतलं, ५९०६ नाही, ४००६, म्हणजे त्याचंच .४० चं भावंड. दुकानात दोन्ही शेजारी होती. ५९०६ च्या रुळाजवळ वझेंनी सांगितली तशी केसाएवढी चीर दिसली. ४००६ पोलीस खात्याचं, ओरखड्यांनी भरलेलं, पण बॅरल आरशासारखी. .४० ची गोळी महाग पडते, झटका जास्त, सगळं मान्य. पण .४० चं काडतूस १९९० मध्ये याच मॉडेलबरोबर जाहीर झालं आणि कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने ४००६ च घेतलं. मला ते काडतूस त्याच्याबरोबर जाहीर झालेल्या पिस्तुलातून चालवायचं होतं. ४३० ला बसलं, करासकट.

अप्पा_ओहायो: अभिनंदन. चोथा लावू नकोस.

ह्यूस्टनचे_राजाभाऊ: ९ मिमी घ्यायला हवं होतंस. रविवारी रेंजवर आणतोस का?

डॅलसकर_दिनू: आणतो, राजाभाऊ. वझे, जादा मॅगझिन ५९०६ चं चालेल का?

वझे_सॅन_अँटोनिओ: नाही. ४००६ चंच शोध, ११ गोळ्यांचं. आणि तेही जुनं असेल तर स्प्रिंग बदलूनच वापर.