मुलं देवाची देणगी, पण वेणीफणी कोण करतं?

पुष्कळ जण विचारतात, की जास्त मुलं होऊ देणं ही ख्रिस्ती धर्माची सक्ती आहे का. सरसकट नाही. १९६८ साली कॅथलिकांचे धर्मप्रमुख पोप पॉल सहावे यांनी कृत्रिम संततिनियमन नाकारलं, नैसर्गिक पद्धतीला मात्र मोकळीक दिली. अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) बिशपांनी तर १९३० मध्येच काही अटींवर साधनं मान्य केली होती. आमच्या नवापूर-नंदुरबारकडे बहुतेक मंडळ्या (चर्च) प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपचा अधिकार न मानणाऱ्या, त्यामुळे हा निर्णय नवरा-बायकोचाच. बायबलातल्या स्तोत्र १२७ मध्ये लेकरांना परमेश्वराकडून मिळालेलं धन म्हटलंय. त्यात आकडा कुठेच नाही.

आम्ही सहा भावंडं. संध्याकाळी चुलीवर भाकरी होईपर्यंत प्रार्थना. धाकट्याने एक वचन म्हणायचं, मग ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन. त्यांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीत आणली म्हणून आजीलाही सूर धरता यायचा (आमचा बेसूरपणा देव सहन करत असावा!). ज्वारी घरात आली की पहिला वाटा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचा, मग कणगी भरायची.

पण "मुलं म्हणजे आशीर्वाद" म्हणणाऱ्यांना एक विचारते: धाकट्यांची वेणीफणी, धुणं, अभ्यास कोण बघतं? आमच्याकडे ताईने बघितलं, आणि तिची शाळा दहावीलाच सुटली. भाऊ मात्र कॉलेजला गेले. मुलांचं स्वागत करायचं तर बाबांनीही धुण्याला हात लावावा. आमच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) हे व्यासपीठावरून सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरचे काका लोक भलतेच गंभीर झाले होते.