मदत हवी आहे: ५० डॉलरचे ११२ झाले, आता ३८ उरलेत. खेळ चुकतोय की नशीब?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. थोडं लांबेल, पण आकडे दिल्याशिवाय तुम्हालाही नीट सांगता येणार नाही.

ऑनलाइन पोकर खेळतो: नो-लिमिट होल्डेम (दोन पत्ते हातात, पाच टेबलावर उघडे), सहा जणांची टेबलं, कॅश गेम (स्पर्धा नव्हे, थेट पैशांवर). चार महिन्यांपूर्वी ५० डॉलर भरले. हे बुडाले तरी घरात कुणाचं काही अडणार नाही आणि पुन्हा भरायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. एनएल२ वर बसलो. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायचे पैसे) १ आणि २ सेंट, बाय-इन (टेबलावर घेऊन बसायचे पैसे) २ डॉलर, म्हणजे हाताशी २५ बाय-इन. २६,००० डावांत ११२ डॉलर झाले. शंभर डावांमागे साधारण १२ बिग ब्लाइंड (मोठा ब्लाइंड, इथे २ सेंट) फायदा पडला.

मग एनएल५ वर (बिग ब्लाइंड ५ सेंट, बाय-इन ५ डॉलर) गेलो. ६,००० डावांत ७१ वर आलो. त्या रात्री डोकं फिरलं. एकदाच वर बसू आणि भरून काढू म्हणून एनएल१० (बाय-इन १० डॉलर) उघडलं, तासाभरात ३३ डॉलर गेले. उरले ३८. आठवडा झाला, एकही टेबल उघडलेलं नाही.

एनएल५ वरचा एक डाव डोक्यातून जात नाही. मी बटणावर (सगळ्यात शेवटी बोलायची जागा), हातात एक्का-राणी. १५ सेंटचा रेज केला (वाढवून लावले), बिग ब्लाइंडवाल्यानं कॉल केला (तेवढेच टाकले). हा गडी तासभर नुसते कॉल करत होता, एकदाही रेज नाही. फ्लॉपला (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) राणी, सत्ती, दुर्री, तीन वेगळ्या रंगांत. मी २० सेंट लावले, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) अठ्ठी, ४५ लावले, कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) राजा. मी ८० लावले आणि त्यानं ऑल-इन केलं (समोरचे सगळे पैसे लावले). मला आणखी ३.४० डॉलर घालायचे होते. घड्याळ संपेपर्यंत विचार केला. राण्यांची जोडी, एक्क्याचा किकर (जोडीबाहेरचा मोठा पत्ता), कशी टाकायची? कॉल केला. त्याच्याकडे सत्त्यांची जोडी होती, फ्लॉपलाच त्याचा सेट (तीन सत्त्या) लागला होता.

मला मनापासून विचारायचंय की हे नशिबाचे फेरे आहेत की मी मुळात एनएल२ चाच खेळाडू आहे? आणि ३८ डॉलरवरून पुन्हा सुरुवात करायची तर वर कधी जायचं, खाली कधी यायचं?

प्रतिसाद १

एनएल५ वर जे झालं त्याचा फार त्रास करून घेऊ नका. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांचं प्रमाण विचलन (निकाल किती वर-खाली होतो त्याचं माप) साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. ९० धरू. ६,००० डावांसाठी त्याला ६० च्या वर्गमुळानं गुणायचं, जवळपास ७०० येतात. तुमचे ४१ डॉलर म्हणजे ८२० बिग ब्लाइंड. शंभर डावांना ५ बिग ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडूही ६,००० डावांच्या अशा साधारण अठरा-वीस तुकड्यांत एकदा इतका खाली येतो.

पण तीच पट्टी एनएल२ लाही लावा. २६,००० डावांत हे विचलन सुमारे १,४५० बिग ब्लाइंड येतं, शंभर डावांमागे साडेपाच. म्हणजे तुमचा खरा वेग (शंभर डावांमागची कमाई) १२ च्या जागी ६ सुद्धा असू शकतो. तिथे तुम्ही जिंकणारे आहात असं मला वाटतं, पण १२ हा आकडा मनातून काढा.

मला काळजी वाटते ती एनएल१० च्या तासाची. ७१ डॉलर म्हणजे तिथले ७ बाय-इन. शंभराला ५ कमावणारा खेळाडू ७ बाय-इन घेऊन बसला आणि खाली यायचं नाही म्हणाला, तर सगळं संपण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास निघते. २० बाय-इनला ती साडेआठवर येते, ३० ला अडीचवर. वेग ५ चा २ झाला तर मात्र २० बाय-इन असूनही ३७ टक्के. आणि वेग शून्याखाली असेल तर कितीही बाय-इन असोत, पैसे संपायला फक्त वेळ लागतो. म्हणून बँकरोल (खेळासाठी ठेवलेले एकूण पैसे) सांभाळायचा तो जिंकणाऱ्यानंच, हरणाऱ्यानं आधी खेळ सुधारायचा.

माझा नियम सांगतो: वरच्या पातळीचे ३० बाय-इन झाले की वर, २० च्या खाली गेलं की त्याच दिवशी परत खाली. तुमच्यासाठी १५० ला एनएल५, १०० ला परत एनएल२.

प्रतिसाद २

त्या डावाबद्दल बोलतो. ३.४० घालून तुम्ही १०.०२ च्या पॉटसाठी (मध्ये जमलेले सगळे पैसे) खेळत होता, म्हणजे ३४ टक्के वेळा तरी जिंकायला हवं होतं. आता स्वतःला विचारा, तासभर रेज न केलेला माणूस रिव्हरला, राजा पडल्यावर, ऑल-इन करतो तेव्हा तो दर तीन वेळांत एकदा तरी हवेत असतो का, म्हणजे हातात काही नसताना ब्लफ करतो का? या पातळीवर नसतो. इथले लोक कॉल फार करतात आणि मोठा ब्लफ फार कमी. तिथे एक्का-राणी टाकायचीच.

फ्लॉप आणि टर्नला तुम्ही बरोबर लावलेत. राजा पडल्यावर ८० लावायचे की चेक करायचं (काहीच न लावता पुढे जायचं), यावर वाद होऊ शकतो, मी लहान बेट लावली असती. पण पैसे गेले ते शेवटच्या कॉलमध्ये.

एक काम करा. ट्रॅकरमध्ये (डावांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) फिल्टर लावून रिव्हरला रेज आल्यावर तुम्ही कॉल केलेले सगळे डाव काढा आणि किती जिंकलात ते मोजा.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत. रेकचं (साइट पॉटमधून कापते ते पैसे) कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खालच्या पातळीवर पॉट लहान, त्यामुळे रेकची कमाल मर्यादा क्वचितच गाठली जाते आणि बिग ब्लाइंडच्या हिशेबात कापणी जास्त बसते. बहुतेक ठिकाणी फ्लॉप न येता डाव संपला तर रेक कापत नाहीत. म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून नुसते कॉल कमी करा. एक तर ३-बेट (समोरच्याच्या रेजवर पुन्हा रेज), नाही तर पत्ते टाका.

व्यावसायिक पोकर खेळाडू क्रिस फर्ग्युसननं २००६ मध्ये शून्यातून १०,००० डॉलर करायला घेतले, त्याला सुमारे दीड वर्ष लागलं. एका टेबलावर एकूण पैशांच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही, आणि समोरचा ढीग १० टक्क्यांपुढे गेला की उठायचं. २.५० डॉलरपर्यंतच्या बाय-इनला त्यानं सूट ठेवली होती. ३८ चे ५ टक्के १.९० होतात, ती सूट तुम्हालाही लागेल. ते उठणं मला फार मोलाचं वाटतं, कारण एका डावात किती जाऊ शकतं याला तिथेच कुंपण पडतं.

आणि एका बैठकीत तीन बाय-इन गेले की बंद. कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. त्या रात्रीसारखं पुन्हा झालं तर मात्र काही महिने खेळूच नका, ३८ डॉलर काढून घ्या. हे कळकळीनं सांगतोय.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून फिल्टर लावला. रिव्हरच्या रेजला मी ४१ वेळा कॉल केलाय आणि ६ वेळा जिंकलोय. दर वेळी ३४ टक्के लागत नसतील, पण २५ ते ३५ च्या मध्ये लागतच असणार, आणि मी १५ च्या खाली आहे. हे मला चार महिने दिसलंच नाही.

३८ डॉलर घेऊन एनएल२ वरच बसतोय, १५० पर्यंत वर बघणार नाही. तीन बाय-इनचा कागद लावलाय. स्मॉल ब्लाइंडचे आकडे रविवारी काढून इथेच टाकतो.

प्रतिसाद २ वाल्या दादांना एक विचारायचं राहिलं: असाच शांत माणूस टर्नलाच रेज करतो तेव्हाही वरची जोडी (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची) टाकायची का? तिथे मी १९ वेळा कॉल केलाय, ७ वेळा जिंकलोय.