टोरेसचे गोल चेल्सीत का आटले?

प्रश्न : शिरोड्याचा प्रशिक्षक

नमस्कार. ओहोटीला शिरोड्याची ओली वाळू घट्ट झाली की संध्याकाळी मी तिथे गावातल्या वीस-बावीस मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यांच्यातला सर्वांत गुणी स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) यंदा शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेला. तिथल्या संघाकडून खेळताना तीन महिन्यांत त्याला एकही गोल करता आलेला नाही. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने मला विचारले, "सर, माझा पण टोरेस झाला का?" त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेस एकोणिसाव्या वर्षी अॅटलेटिको माद्रिदचा कर्णधार झाला होता. २००७ साली लिव्हरपूलला आल्यावर पहिल्याच हंगामात त्याने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २४ गोल केले, आणि तिथे लीगच्या १०२ सामन्यांत एकूण ६५. जानेवारी २०११ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने त्याच्यासाठी ५ कोटी पौंड मोजले, आणि तिथे लीगच्या ११० सामन्यांत त्याचे गोल झाले अवघे २०. एवढ्या मोठ्या खेळाडूचे नेमके काय बिघडले असावे?

उत्तर : रत्नागिरीची फिजिओथेरपिस्ट

सर, माझ्या मते सुरुवात गुडघ्यापासून करायला हवी. २०१० च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये, म्हणजे एकाच हंगामात टोरेसच्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता तो थेट दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकाला गेला. स्पेन जिंकला, परंतु टोरेसला त्या स्पर्धेत एकही गोल करता आला नाही, आणि अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर तो पुन्हा जखमी झाला. चेल्सीने त्याला विकत घेतले ते यानंतर सहा-सात महिन्यांनी.

त्याचा खेळ पहिल्या चार-पाच पावलांच्या झेपेवर उभा होता. मार्च २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्यांच्या विदिचसारख्या बचावपटूला त्याने ज्या चपळाईने मागे टाकले, ती चपळाई पुढे क्वचितच दिसली. गुडघा दुखावलेला माणूस चालायला, धावायलाही लवकर लागतो, पण वळताना आणि एकदम वेग घेताना त्या पायावर पूर्ण भार टाकण्याची भीती बराच काळ जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या कबड्डीच्या मुलांमध्ये मी हे नेहमी पाहते. आपल्या विद्यार्थ्याला कुठे दुखापत झाली आहे का, हे प्रथम विचारून पाहावे, कारण संघातील जागा जाईल या धास्तीने मुले दुखणे लपवतात.

उत्तर : देवगडचा बागायतदार

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्याने अर्धेच कोडे सुटते. लिव्हरपूलमध्ये त्याच्या मागे मधल्या फळीत जेरार्ड होता आणि २००९ पर्यंत झाबी अलोन्सोही होता. चेंडू हिसकावला की पहिली नजर टोरेस कुठे धावतो आहे याकडे जायची, आणि बचावफळीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पास पडायचा. चेल्सीचा संघ धिप्पाड स्ट्रायकर ड्रोग्बाच्या अंगकाठीभोवती बांधलेला होता. प्रतिस्पर्धी आपल्या गोलजवळ दाटी करून उभे राहत, त्यामुळे टोरेसला धावायला मोकळी जागाच उरत नसे. त्यात साडेतीन वर्षांत पाच प्रशिक्षक झाले : अँचेलोटी, व्हिला-बोआस, डी मॅटेओ, बेनिटेझ आणि मौरिन्हो.

चेल्सीसाठी त्याचा पहिला गोल झाला तो २३ एप्रिल २०११ रोजी, वेस्ट हॅमविरुद्ध, चौदाव्या सामन्यात. पावसाने मैदानात पाणी साचले होते, पास त्या पाण्यात अडला, आणि त्याने कसेबसे तोल सावरत वळून चेंडू जाळ्यात मारला. आपल्याकडे जून-जुलैत खेळलेल्या माणसाला तो गोल किती अवघड होता हे सांगावे लागणार नाही.

मला मात्र त्याच्या दुसऱ्या दोन धावा एकमेकींशेजारी ठेवाव्याशा वाटतात. सप्टेंबर २०११ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने आधी एक सुरेख गोल केला, नंतर गोलरक्षक डे हेआला चकवून पुढे गेला आणि समोर रिकामे गोल असताना चेंडू बाहेर मारला. त्या ऑक्टोबरपासून पुढच्या मार्चपर्यंत क्लब आणि देश मिळून २४ सामने तो गोलविना राहिला. नंतर आला एप्रिल २०१२, चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी, बार्सिलोनाचे मैदान. आमच्याकडे हापूसचा ऐन हंगाम होता, पेट्या भरून वाशीची गाडी रवाना केली होती, आणि आम्ही तिघे भाऊ पडवीत टीव्ही लावून बसलो होतो. टेरीला लाल कार्ड मिळाल्याने चेल्सीचे दहाच खेळाडू उरले होते. रात्रीचे दोन वाजून गेल्यावर, भरपाईच्या वेळेत, बदली म्हणून आलेला टोरेस जवळपास अर्धे मैदान एकटा धावला, गोलरक्षक व्हाल्देसला चकवून पुढे गेला, आणि या वेळी चेंडू जाळ्यात गेला. चेल्सी अंतिम फेरीत पोहोचली. शेजारची माणसे जागी झाली इतके आम्ही ओरडलो.

धाव तीच, चकवाही तोच. म्हणजे त्याची कला कधीच संपली नव्हती, तिला लागणारी मोकळी जागा त्याला फार क्वचित मिळत होती.

उत्तर : सावंतवाडीचा जुना गोलरक्षक

किमतीचा भार विसरू नये. तो त्या वेळचा ब्रिटिश फुटबॉलमधील विक्रमी सौदा होता, आणि चेल्सीकडून त्याचा पहिलाच सामना नेमका लिव्हरपूलविरुद्ध आला, तोही चेल्सी हरली. प्रत्येक फटक्यामागे पाच कोटींचा हिशेब मांडला जात असेल, तर माणूस सहज पाय कसा उचलणार? तरीही त्याचा काळ सर्वस्वी वाया गेला असे मी मानत नाही. २०१२ च्या मे महिन्यात म्युनिकला झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ड्रोग्बाने ज्या कॉर्नरवर बरोबरी साधली, तो कॉर्नर टोरेसने मिळवला होता. पुढच्या हंगामात त्याने सर्व स्पर्धा मिळून २२ गोल केले, आणि युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बेनफिकाविरुद्धही गोलरक्षकाला चकवूनच गोल केला.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : शिरोड्याचा प्रशिक्षक

आपणा सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी मुलाला फोन केला. गुडघा ठीक आहे असे तो म्हणाला, तरीही सुट्टीत येईल तेव्हा रत्नागिरीला दाखवून आणेन. मग तो तिथे कुठे उभा राहतो आणि त्याला पास कसे मिळतात हे विचारले. प्रशिक्षकांनी त्याला उजव्या कडेला ठेवले आहे आणि चेंडू बहुतेक वेळा त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो, असे त्याने सांगितले. येथे तो कायम मधोमध खेळला आहे, आणि हे मी त्याला आधी विचारायलाच हवे होते. ओल्ड ट्रॅफर्ड आणि बार्सिलोना या दोन्ही धावांच्या चित्रफिती त्याला आज रात्री पाठवतो, त्याच क्रमाने.