बाबागाडी न्याच, खसखस मात्र नको

‘बाबागाडी घरीच ठेवा, सिंगापुरात ॲपवरून गाडी मागवली की झालं’ हा लहान पोर घेऊन जाणाऱ्यांना दिलेला सल्ला पटला नाही. नेमकं तिथंच अडतं. तिथं १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. मांडीवर पोर दिसलं की ड्रायव्हर नको म्हणू शकतो. म्हणून ॲपवरही पर्याय टॅक्सीचाच निवडा, नाहीतर सरळ मेट्रो धरा. मेट्रोत बाबागाडी न मिटता चालते आणि ०.९ मीटरच्या आतलं पोर फुकट. फक्त आत खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा. गेटबाहेरच पाजून घ्या.

आणि खाऊचा डबा उघडून बघा. आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवात, अनारशांवर खसखस असतेच, आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यामुळे चालत नाही. आज्जीला आधीच सांगून बिनखसखशीचे करून घ्या. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) बेंगळूरपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं असेल तर बेंगळुरात बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. तेव्हा मधे चार तास तरी ठेवा. परतीच्या दिवशी पोराला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर त्या फेरीला स्वतंत्र सीट काढावीच लागते.