मदत हवी आहे : बायपोलर आटोक्यात आहे, पण रोजचे कामकाज जमत नाही

नमस्कार. माझा धाकटा भाऊ लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. त्याला बायपोलर विकार आहे, म्हणजे मन कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाण्याचा आजार. लिथियम हे औषध नियमित चालू आहे, रक्तातील पातळी वेळेवर तपासली जाते आणि बऱ्याच काळात उन्माद किंवा नैराश्य उलटलेले नाही. डॉक्टर प्रकृती स्थिर असल्याचे सांगतात आणि ते खरेही आहे; परंतु कामाची पूर्वीची घडी अजून बसलेली नाही. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, लिहिताना मध्येच फोन आला, की कोणाचा माल चालू होता हेच त्याच्या ध्यानातून जाते, कधी हमाली धरायची राहते, आणि एकच बेरीज तो पुन्हा पुन्हा तपासत बसतो. मालक समंजस आहेत म्हणून निभावते आहे. नातेवाइकांनी मात्र ‘गोळ्यांनी सुस्त झालाय’ असा निकाल केव्हाच देऊन टाकला आहे.

लक्ष, स्मरण आणि कामाची आखणी यांवरील परिणाम आजार शांत असतानाही राहू शकतो, हे वाचनातून समजले. त्यासाठी स्पेनमध्ये ‘फंक्शनल रेमेडिएशन’ नावाची पद्धत विकसित झाली असून तिच्यात दर आठवड्याला दीड तासाचे एक, अशी २१ गटसत्रे असतात आणि रोजच्या व्यवहारातील उदाहरणे घेऊन सराव करून घेतला जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या गटाचे दैनंदिन कामकाज अधिक सुधारले; मात्र आजाराची माहिती व लक्षणांची ओळख करून देणाऱ्या मनोशिक्षणाच्या गटाच्या तुलनेत तिचा ठळक सरसपणा दिसला नाही. म्हणूनच माझा पहिला प्रश्न असा, की आपल्याकडे जे मिळण्याची शक्यता अधिक आहे ते मनोशिक्षणच आधी नीट पूर्ण करावे, की लक्ष आणि स्मरणाच्या सरावासाठी स्वतंत्रपणे कोणाकडे जावे?

लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे, अथवा व्हिडिओद्वारे मराठीतून, अशी सत्रे घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाच्या अनुभवात आहेत का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाची माहिती आहे, पण मला महिनोन्‌महिने नेटाने चालणारे काम अपेक्षित आहे.

दुसरी चिंता हंगामाची. झोप, जेवण आणि कामाच्या वेळा ठरावीक ठेवण्यावर भर देणारी उपचारपद्धती या आजारासाठीच तयार झालेली आहे, पण दसऱ्यापासून सोयाबीनची आवक वाढली की मोंढ्यात रात्री उशिरापर्यंत हिशेब चालतात आणि त्याची झोप नेमकी तेव्हाच तुटते. ज्यांच्या घरी दुकान, आडत किंवा शेतीचे काम आहे त्यांनी अशा दिवसांत वेळांचे काय केले? मालकांशी बोलताना आजाराचे नाव न घेता केवळ वेळेची सवलत मागणे कितपत जमले? घरातल्यांसाठीही काही सत्रे असतात असे वाचले आहे. भावजय यायला तयार आहे, आईला मात्र कसे तयार करावे हे सुचत नाही.

औषधे कमी किंवा बंद करण्याचे सल्ले कृपया देऊ नयेत. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. तपासणीची पुढची तारीख जवळ आली आहे, तेव्हा तिथे कोणते प्रश्न आवर्जून विचारावेत हेही अनुभवी मंडळींनी सुचवावे.